माळ घालताना सोडलेला ढावलो

येलदरीजवळच्या तांड्यावर अठरा वर्षांपूर्वी पहिला सप्ताह बसला, तेव्हा कीर्तनकार महाराजांच्या हातून माळ घालणाऱ्या प्रत्येकानं एक आवडती गोष्ट सोडायची असं तांड्यानं ठरवलं. कुणी दारू सोडली, कुणी मटण, कुणी दोन्ही सोडून महिन्याभरात परत धरली. पंचाईत झाली ती कस्तुराबाईची. कधी साधं पानसुद्धा न खाणारी बाई, सोडणार काय? देवापुढं रिकाम्या हातानं जायचं कसं? तिला जिवापाड आवडायचा तो फक्त ढावलो. ढावलो म्हणजे बंजाऱ्याच्या पोरीनं सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत गोरमाटी बोलीत म्हणायचं गाणं. ते शिकवायला आसपासच्या तांड्यांवरून हिलाच बोलावणं यायचं. तिनं डोळे मिटले आणि ढावलो सोडला. भोळेपणाला काय म्हणावं!

बाईचं एकदा ठरलं की ठरलं. गाण्यामागोमाग बोलीही मागं पडली. महाराजांचं कीर्तन मराठीत, म्हणजे देवाचीही तीच भाषा, असं धरून ती नातवंडांशी मराठीतच बोलू लागली. भजनात मात्र तिचा आवाज सगळ्यांच्या वर.

यंदा नात भक्तीचं लग्न ठरलं. महिनाभर आधीच ती आजीपुढं येऊन बसली.

"आज्जी, मला ढावलो शिकव. डीजे वाजू दे, पण निघताना मला आपलंच म्हणायचंय."

"गळ्यात माळ हाय बाई. सोडलेलं परत धरू कसं?"

नात रुसली. दोन दिवस आजीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कस्तुराबाई एसटीनं झरीला महारुद्र महाराजांकडं गेली; माळ त्यांच्याच हातची होती. सगळं ऐकून महाराजांनी कपाळावर हात मारला.

"अवो माय, मी यसन सोडा म्हणलो व्हतो. गाणं कुणी सोडा म्हणलं तुमाला? देवाला काय गोरमाटी कळत न्हाई व्हय?"

हसावं की रडावं, तिला कळेना. परतताना मात्र म्हातारी लय खुशीत होती.

घरी येताच तिनं भक्तीला समोर बसवून सूर लावला. पहिली ओळ आली, दुसरी आली. तिसरी काही येईना. "उद्या येईल," म्हणाली. रोज तेच. विचारावं तरी कुणाला? बरोबरीच्या बाया कधीच्या गेल्या, शिकवलेल्या पोरी लांब लांब सासरी पांगल्या, आणि सुनांना तिनं शिकवलंच नव्हतं.

लग्नाच्या दिवशी निघताना भक्ती आजीच्या गळ्यात पडली. दोन ओळी म्हणाली, पुन्हा त्याच दोन म्हणाली आणि आशेनं थांबली. कस्तुराबाईनं सगळा जीव गोळा करून तोंड उघडलं. बाहेर आलं ते मराठी भजन. अठरा वर्षं रोज म्हटलेलं, तेच आधी येणार.

ते मात्र सगळ्या तांड्याला पाठ होतं. मांडवभर टाळ्या सुरू झाल्या. बापे, बाया, पोरंसोरं एका सुरात म्हणू लागले, डोळे पुसत पुसत नवरीसुद्धा. गप्प उभी होती ती एकटी कस्तुराबाई.