परक्या बुरख्यामागे

मनात मत्सर असताना मागितलेली दुवा कबूल होते का, हा प्रश्न मला जेद्दामध्ये फार छळायचा. आखाती युद्ध सुरू झालं तसं यांनी मला सौदीच्या पूर्वेकडच्या धाहरानहून जेद्दाला थोरल्या दिरांकडे पाठवलं आणि स्वतः कामावर राहिले. धाहरानवर क्षेपणास्त्रं पडत होती. इकडे माझी जाऊ, जिला मी भाभी म्हणते, रोज नवऱ्याच्या ताटात गरम भाकरी वाढायची. ती भाकरीसुद्धा माझ्या डोळ्यांत खुपायची. नमाजानंतर हात पसरले की मागणं यांच्यासाठी असायचं, पण मन म्हणायचं, हिचाच का जवळ आणि माझाच का दूर?

मग यांचा फोन येणं बंद झालं. इकडून लावला तर लागेना. माझं जेवण सुटलं. तेव्हा भाई, म्हणजे माझे दीर, म्हणाले की जुनं शहर बघून येऊ, जरा मन रमेल. मी मनात म्हटलं, भाईंचं बरं आहे, त्यांना फिरायला सुचतंय.

जुन्या जेद्दाच्या गल्ल्या अरुंद, समुद्री दगडाची उंच घरं, वर लाकडी जाळीचे सज्जे. नवख्या माणसाने इथे सोबत सोडायची नाही, असं भाईंनी बजावलं होतं. ते एकेक घर दाखवत होते, दुकानात भाभीला अत्तर हुंगायला देत होते, दोघं हसत होती. गर्दी वाढली तसा त्यांनी तिचा हात धरला. मला ते बघवेना. मान खाली घालून मी भाभीच्या बुरख्याची कड तेवढी बघत चालू लागले. बऱ्याच वेळाने ती कड एका दारापाशी थांबली. वर पाहिलं तर कुणी भलतीच म्हातारी! सगळे बुरखे काळेच असतात, हे जळफळाटात मी विसरले होते.

मागे वळले तर प्रत्येक गल्ली सारखीच. मला रडू फुटलं. माझं अरबी बाजारापुरतं. "जौजी... धाहरान," माझा नवरा तिकडे आहे, एवढंच सांगता आलं. म्हातारीला कळलं. तिने मला उंबऱ्यावर बसवून पाणी दिलं, यांचं नाव विचारलं आणि हात वर करून त्या नावाने दुवा मागितली. मग खुणेनेच विचारलं, आणखी कोण? ती हात तसेच धरून थांबली होती. शेवटी मी भाभीचं नाव घेतलं, मग भाईंचं. त्या दोघांसाठी मी पहिल्यांदाच मनापासून आमीन म्हटलं.

अत्तराचं नाव काढताच तिने मला हाताला धरून त्या दुकानापाशी आणून सोडलं. भाभी तिथे रडत उभी होती. तिला बिलगून मी मागे पाहिलं, तोवर म्हातारी गर्दीत दिसेनाशी झाली होती. आभार मानायचे राहूनच गेले.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर फोन वाजला. भाभीने रिसीव्हर माझ्या हातात दिला. "मी बरा आहे," यांचा आवाज आला. अल्लाचे लाख उपकार! सांगायचं ढीगभर होतं, पण कसं कोण जाणे, मी रिसीव्हर दिरांपुढे केला. "भाई, आधी तुम्ही बोला."

"कसा आहेस रे?" एवढं म्हणून भाई ओक्साबोक्शी रडू लागले. युद्ध सुरू झाल्यापासून त्यांनी धाकट्या भावाचा आवाज ऐकलाच नव्हता. फोन आला की लाइन तुटेपर्यंत मी तो कुणाला देतच नसे.

अल्लाच्या हवाली करणं म्हणजे मुठीत धरलेलं सोडणं, हे मला तेव्हा थोडंसं उमगलं. भाभीने मला जवळ घेतलं. भाईंचं बोलून होईपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. लाइन त्या दिवशी तुटली नाही.