गोजर वहिनीची पोती

नवी नवरी नांदायला आली की गाडीतून काय काय उतरतं ते पाहायला आमच्याकडं अर्धं गाव जमतं. माझ्या थोरल्या भावाची, उकंडरावाची, बायको आली तेव्हाही जमलं होतं. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आधी पेटी उतरली, मग भांडी, मग गादी. आणि मग उतरली पोती. सरकीची असतात तशी, गोणपाटाची, तट्ट भरलेली. लोकांना वाटलं ज्वारी. एका आगाऊ माणसानं तोंड सोडून पाहिलं, तर आत माती!

"काय बे उकंड्या," तो ओरडला, "बायको आणली का वावर आणलं?"

काय हसले लोक, बाप्पा! मीही हसलो. दीरच मी, हसणं माझा हक्कच. पुढं मास्तरकी करून करून माझी जीभ पुस्तकी झाली, पण त्या दिवशीचं ते हसणं अस्सल वऱ्हाडी होतं.

दारात भाकरतुकडा घेऊन उभी असलेली माझी माय, मनकर्णाबाई, मात्र हसली नाही. "नवी नवरी घरात माती आणते का वो?" ती म्हणाली. "असलं लक्षण म्या कोठीच पाह्यलं नाई."

नवरीनं खाली मान घालून, पण स्पष्ट सांगितलं, "माती नाई आत्याबाई. मायचं परसू हाये."

ही गोजरबाई. माहेर अमडापूरचं, म्हणजे घाटावरचं, गोड पाण्याचं. आमचं गाव घाटाखाली, पूर्णेच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगतो: आमची जमीन काळी, कपाशीला झकास, पण विहिरीचं पाणी खारं. ते भाजीला घातलं की मातीवर पांढरा थर धरतो आणि झाड मान टाकतं. प्यायचं गोड पाणी लांबच्या गावाहून बैलगाडीवर टिपाडात भरून यायचं. ते पाहुण्यांना, म्हाताऱ्यांना आणि डाळ शिजवायला. खाऱ्या पाण्यात डाळ शिजतच नाही. आम्ही धट्टेकट्टे मात्र जन्मापासून विहिरीचंच पीत आलेलो. आम्हाला ते खारट लागतच नसे. उलट परगावी गेलो की तिथलंच पाणी बेचव लागायचं.

अशा गावात वहिनी भाज्या लावणार होती! मायच्या परसातली माती आमच्या मातीत मिसळू नये म्हणून तिनं ती पोत्यातच ठेवली. पोत्याखाली दगड रचले. प्रत्येक पोत्यात मधोमध एक गळकं मडकं पुरलं, त्याच्या भोकात चिंधीची वात, म्हणजे पाणी झिरपत झिरपत मुळाशी जाणार. वरून कुटाराचा, म्हणजे भुशाचा, थर. पाणी कोणतं? डाळ धुतलेलं. ते पुरलं नाही तर स्वतःच्या वाट्याचं. नवीन सून म्हणून तिला वर्षभर गोड पाणी मिळायचं, त्यातलं अर्धं ही बाई पोत्यांना पाजायची.

"वहिनी," मी चिडवायचो, "एखांद्या पोत्याले पाळण्यात टाका ना!"

"टाकीन. तुमी झोका द्यायले बसा."

वांगी आली. लहान, गोल, देठाला काटे, अंगावर पांढऱ्या रेघा. चंपाषष्ठीला रोडगे झाले आणि त्यांच्यासोबत ही वांगी. त्या दिवसापासून माझं चिडवणं बंद झालं. आयुष्यात असं वांगं मी खाल्लं नव्हतं. माय म्हणाली, "तेल जास्त झालं," आणि आणखी वाढून घेतलं.

माय होतीच तशी. तोवर तिची कंबर धरली होती, दिवसभर ओसरीवर बाजेवर बसून सगळ्यांना बोल लावायची. वहिनीचं एक पोतं तिच्या बाजेशी, भिंतीच्या कोपऱ्यात होतं. त्यावरून रोज कटकट. "माह्या उशाशी काऊन ठेवलं हे मढं?" पण काठी हातात असायची आणि त्या पोत्याकडं कोंबडी फिरकली की माय काठी आपटायची.

पुढं दोन-तीन वर्षांत तिकडं अमडापूरला वहिनीच्या भावानं, पुंजाजीनं, परसात गुरांचा गोठा बांधला, खाली फरशी टाकली. परसू संपलं. ते वांगं आता फक्त आमच्या पोत्यांत उरलं. त्यात उतरंडीत ठेवलेलं बी उंदरांनी फस्त केलं. तेव्हा वहिनीनं त्या साली प्रत्येक झाडावर एकेक वांगं बियाला राखलं. ते झाडावरच पिकून पिवळं व्हायला हवं, तेव्हा कुठं आतलं बी रुजतं.

फाल्गुनात निरोप आला, वहिनीची माय आता जाते की तेव्हा अशी आहे. वहिनी निघाली. गाडीत बसता बसता माझ्या भावाला म्हणाली, "बियाची वांगी पिवळी व्हईस्तोवर झाडं जगवा. पाण्याले खाडा करू नका."

कोणतं पाणी, ते ती बोलली नाही. तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नसणार. आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

माझा भाऊ म्हणजे तोंडाचा मुका, अंगाचा राबता माणूस. बायकोवर जीव, पण चार शब्द बोलायचे म्हटले की कानाच्या पाळ्या लाल. त्यानं काय केलं? ऊन लागू नये म्हणून पोती एकेक उचलून घरामागं विहिरीजवळच्या निंबाखाली नेली. मायच्या बाजेजवळचं तेवढं तिनं हलवू दिलं नाही. आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ कावडीनं पाणी. हापशी हापसावी तसं सोपं नाही हो, रहाटानं ओढून, खांद्यावरून वाहून! पुरुषमाणूस झाडांना कावडीनं पाणी घालतो म्हणून गाव हसलं, याला फिकीर नाही. मला तर कौतुकच वाटलं. वहिनी कोणतं पाणी घालते ते इतकी वर्षं पाहूनही, घाटाखालची तोंडं आमची, आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही की हे पाणी खारं आहे; आणि ओसरीवरच्या मायला घरामागचं काही दिसत नव्हतं.

तिकडं मरायच्या आधी म्हातारीनं वहिनीला विचारलं होतं, "माह्या वांग्याचं बी हाये ना वो?" वहिनी म्हणाली, "हाये माय. माह्या पोत्यात हाये." एवढं ऐकून म्हातारीनं डोळे मिटले.

तेरवी आटोपून वहिनी परतली. हातपाय धुवायच्या आधी मागं गेली. भाऊ निंबाखाली उभाच होता, शाबासकी घ्यायला.

पोत्यांवर पांढरा थर. पानं कडेनं जळून वळलेली. बियाची वांगी देठाशी सुरकुतून कोवळीच वाळलेली. वहिनीनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"कोणतं पाणी देलं?"

"आपल्या हिरीचं. एक दिवस खाडा नाई केला, इचार सहदेवले." त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं.

"खारं हाये ते."

"खारट कोठी हाये?" भावानं बादलीतलं ओंजळभर घेतलं आणि तिच्यासमोर घटाघटा प्यायला. "पाह्य ना. पाण्यासारखं पाणी त हाये!"

वहिनी त्याच्याकडं पाहत राहिली. बंडीच्या गळ्यातून त्याचा खांदा दिसत होता, कावडीच्या दांडीनं सोलून निघालेला. ओरडायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं. पदर ओला करून खांद्यावर ठेवला आणि मग मात्र तिला जे रडू फुटलं! भावाला तेव्हा कळलं. "तुह्या मायची शेवटची चीज म्या मारली वो," म्हणाला. त्याला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

तेवढ्यात ओसरीवरून मायचा खणखणीत आवाज. "रडून झालं असन त इकडं या!"

आम्ही गेलो. बाजेआडच्या कोपऱ्यातलं पोतं. त्यातलं झाड हिरवंगार, आणि खाली एक वांगं पिवळंधमक पिकून लोंबत होतं. वहिनी त्याच्यापुढं बसूनच गेली.

"आत्याबाई, याले कोणतं पाणी?"

"माह्या गडव्यातलं."

म्हातारीला रोज एक गडवा, म्हणजे तांब्याभर, गोड पाणी मिळायचं, तेवढंच.

"आन तुमी काय पेल्या?"

"हिरीचं. निस्तं मीठ."

भाऊ चकित. "माय, तुले खारट लागते?"

"लागते का म्हंतं!" माय कडाडली. "बीबी गावची हावो मी, घाटावरची. लगन होऊन आली तवापासून रोज लागते. सांगू कोनाले? तुह्या बापाले लागत नव्हतं, तुमाले लागत नाई. ही आली मातीचे पोते घेऊन, तवा माह्या जिवाची आग झाली. मले काऊन नाई सुचलं, म्हणून." मग आवाज उतरला. "तिच्या मायची माती हाये. तिले खारं पाणी कसं पाजू?"

आमचं आजोळ बीबीचं हे आम्हाला काय ठाऊक नव्हतं? सुट्टीत आंबे खायला जायचो. पण आपल्या मायची जीभ इतकी वर्षं रोज घाटावर जाऊन येते, हे तिच्या पोटच्या पोरांना माहीत नव्हतं. वहिनीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मायनं काठी बाजूला ठेवून तिच्या केसांतून हात फिरवला. तो हात इतका हळू फिरू शकतो हे मला नवीन होतं.

त्या एका वांग्याचं बी राखेत घोळून, सावलीत वाळवून ठेवलं. आजही अमडापूरच्या पुंजाजीच्या सुना वावराच्या कडेला तेच लावतात.

पण मला सांगायची ती गोष्ट मृगाच्या आधीची. एका सकाळी भाऊ गाडी जुंपत होता. गाडीत रिकामी पोती. बीबी म्हणजे जाता-येता मुक्काम पडणार.

"कोठी चालला बे?" मायनं ओसरीवरून विचारलं.

"बीबीले. तुह्या मायच्या परसातली माती आणतो."

मायनं काठी उगाच इकडची तिकडं केली. मग पुटपुटली, "गाव हासन."

"हासू दे."

गाडी निघाली. कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी व्हायला आली, तेव्हा कंबर धरलेली माझी माय बाजेची कड पकडून उभी राहिली आणि एखाद्या पोरीसारखी ओरडली, "उकंड्या, गोठ्याजवळची नको आणू बे! चिंचेखालची आण! चिंचेखालची!"