मोजलेली पावलं

मी शिंपी. लोकांची मापं घेण्यात माझा जन्म गेला, पण एक माप असं घेतलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बाई माझ्या मुलीला लांब उडी शिकवायच्या. अंगानं काटक, आवाज खणखणीत. सकाळी सहाच्या ठोक्याला मैदानावर हजर. पालकांना एकच ताकीद, "बाकावर बसा, तोंड उघडू नका." एकदा मी मध्येच काही बोलायला गेलो, तर म्हणाल्या, "भाऊ, मी कधी तुमच्या दुकानात येऊन कात्री धरते का?" सगळे खो खो हसले. मीही हसलो, करतो काय!

त्यांचं शिकवणं सगळं जगावेगळं. पाऊल कसं टाकायचं हे त्या कधी सांगायच्याच नाहीत. आज उतारावर पळा, उद्या ओल्या मातीत, परवा तोंडावर वारा घेऊन. जिथून उडी घ्यायची ती चुन्याची रेघसुद्धा रोज मागेपुढे. मुली कुरकुरायच्या. बाई ओरडायच्या, "पायाला शिकू दे गं! डोक्याला मध्ये घेऊ नकोस. नजर समोर, खड्ड्याच्या पलीकडे!" आणि खरंच, पोर कुठूनही धावत येवो, शेवटच्या चार पावलांत तिचा पाय आपोआप जुळवून घ्यायचा आणि रेघेवर बरोब्बर पडायचा. बघताना माझ्या अंगावर काटा यायचा.

मग निवड चाचणी आली. निवड झाली की खेळाडूंच्या वसतिगृहात राहणं, शिक्षण, सराव, सगळं तिथेच. वर्षभर पोरीच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. आणि नेमकी मला दुर्बुद्धी सुचली. आदल्या संध्याकाळी सराव आटोपून सगळे गेल्यावर मी गळ्यातली टेप काढली आणि मातीत उमटलेली तिची पावलं मोजली. शेवटून दुसरं पाऊल लांब, शेवटचं चांगलं वीतभर आखूड. प्रत्येक धावेत तसंच! मला वाटलं, गुपितच सापडलं. सकाळी ती बुटाची नाडी बांधत होती, तेव्हा हळूच सांगितलं, "शेवटचं पाऊल तू वीतभर आखूड टाकतेस. तेवढं सांभाळ, बाळा."

कपाळ माझं! पहिल्या उडीला पाय रेघेच्या पुढे, लाल झेंडा. दुसऱ्यांदा मान खाली घालून, स्वतःचेच पाय बघत पळाली. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा रेघेपाशी येऊन थबकली आणि वाळूत नुसती चालत उतरली. परतताना बसमध्ये म्हणाली, "बाबा, पाय मोजले जात होते हो. थांबवताच येईना." त्यानंतर तिचा पाय पुन्हा कधी जुळला नाही. पाच महिने रडत-झगडत होती, मग बूट माळ्यावर गेले. शिवताना मशीनवरचा पाय कधी दाबता असं गिऱ्हाइकानं विचारलं, तर माझीसुद्धा शिवण वाकडी जाते. मला तरी कळायला हवं होतं की नको?

एके दिवशी बाई घरी आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, मीच पोरीला बिघडवलं. शेवटच्या आठवड्यात ओल्या मातीत पळवायला नको होतं." त्यांचे डोळे भरले होते. आणि मी काय म्हणालो? "होतं असं, बाई. पाणी घ्या." दारात उभ्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं बापाची लाज राखली, मी तोंडाला कुलूप लावलं. भित्रा मेला!

पुढच्याच महिन्यात बाईंनी मैदान सोडलं. कुठल्याशा कचेरीत टपालावर शिक्के मारायला लागल्या. दोन वर्षं मी तो रस्ताच टाळला. शेवटी राहवलं नाही तेव्हा गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. म्हटलं, चिडतील, हाकलतील, बरंच होईल.

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी हातातला शिक्का टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "तेव्हा माझ्याकडे अजून अकरा मुली होत्या, भाऊ. मला शिकवता येत नाही म्हणून मी त्यांना घरी पाठवलं."

"मग आता बोलवा ना परत," मी म्हटलं. "मी जातो घरोघरी, मी सांगतो."

"दोन वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "पोरी थांबतात होय?"