शेवटची वीस पानं

आमच्या शेजाऱ्याइतकं वाचणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नसेल, आणि वाचून इतका बिघडलेला तर कुठेच नसेल. जन्मभर कचेरीत बाबू होता. निवृत्त झाल्यापासून भुताच्या, खुनाच्या, जुन्या रहस्यांच्या कादंबऱ्या वाचतो, आणि वाचतो म्हणजे किंमत आणि छापखान्याच्या पत्त्यापासून. एक ओळ सोडणार नाही, एक शब्द बदलणार नाही. बरं, भित्रा इतका की दुपारी चारनंतर पुस्तक उघडत नाही. भर मे महिन्यात कानटोपी घालतो, कारण त्याच्या मते भूत कानातून शिरतं. गोष्टीत पैंजण वाजले की कुंपणावरून माझ्या बायकोला हाक यायची, "वहिनी, अंगणातच आहात ना?" ती म्हणायची, "आहे जी बाबू, अजून भूत नाही झाली."

शेवट आधी बघायचा मोह त्याला आवरत नाही. त्यावर उपाय काय, तर नवं पुस्तक आणलं की शेवटची वीस पानं ब्लेडने कापायची आणि माझ्या बायकोच्या पेटीत ठेवायला द्यायची. तिथवर वाचत आला की मागून न्यायची, वाचून झाली की खळ लावून पुन्हा चिकटवायची. मी एकदा विचारलं, "मायाजवळ काहून नाही देत?" तर म्हणतो, "तुम्ही तिसरी शिकलेले, भाऊ. वहिनींना अक्षर येत नाही, म्हणून विश्वास." म्हणजे तिसरी शिकलो हा माझा गुन्हा! राखणीच्या बदल्यात तिला गोष्ट हवी असायची. म्हणून तो आमच्या ओसरीत बसून रोज आठ पानं मोठ्याने वाचायचा. नववं पान मागितलं तर देवालाही मिळालं नसतं.

मागच्या उन्हाळ्यात त्याने आणलेल्या कादंबरीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. जुन्या काळची गोष्ट. मिठाच्या गोण्या बैलांवर लादून एक तांडा चाललेला. जहागीरदाराने बैल लुटले, माणसं कापली आणि एका बाईला लेकरासकट बारवेत ढकललं. पुढे शंभर वर्षांनी ती बाई उलट्या पायांनी वर येते आणि गावाला छळते. माझे पणजोबा असेच मीठ लादून फिरायचे. वाटेत लुटलेल्या तांड्यांच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या. त्या कोणी लिहिल्या नाहीत, आणि लिहायला बसले तर भूत कोणाचं केलं? आमच्याच बाईचं! माझ्या बायकोने हातातली गोधडी खाली टाकली. "मारणारा गादीवर मेला, अन् भटकून राह्यली आमची बाई? हा कोणता न्याय जी, बाबू?"

"वहिनी, मी नाही लिहिलं हो."

"वाचता तर तुम्हीच ना!"

त्याच महिन्यात तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. ओसरीत खाट टाकली. दुखणं चढलं तरी तिचा सवाल तोच: त्या बाईचं शेवटी काय होतं? मी बाबूला म्हटलं, "पानं हिच्याच पेटीत हायेत. काढतो, आत्ता वाच." तो कानटोपी काढून हातात चुरगाळत म्हणाला, "मधलं सोडून कसं वाचू?" आणि माणसाने काय करावं? आठाची चार पानं केली. मग चाराची दोन. मी त्याला कुंपणापाशी गाठून म्हटलं, "तुह्या नियमाले आग लाव! ती चालली, अन् तू दोन-दोन पानं मोजून राह्यला?" तो तोंड फिरवून म्हणाला, "गोष्ट संपली तर त्या कशाची वाट बघतील, भाऊ?"

ती गेली. शेवट न ऐकताच गेली.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी हा दारात उभा. "पानं देता का?" माझ्या अंगाची लाही झाली. पेटीतून पानं काढली आणि त्याच्या अंगावर फेकली. त्याने ती उचलली, आकड्यांप्रमाणे लावली, आणि घरी न जाता तिच्या रिकाम्या खाटेसमोर बसून मोठ्याने वाचायला लागला. मधलं घरी एकट्याने वाचून झालं होतं म्हणे. मी भिंतीला टेकून ऐकलं. ती बाई लेकराला कडेवर घेऊन बारवेच्या पायऱ्या चढते, तिचे पाय सरळ होतात, आणि ती आपल्या तांड्याच्या मागे निघून जाते. त्या पायऱ्यांवर चढ-उतर करत राहतो तो जहागीरदार, मेल्यावरही, आणि त्याला कोणी घोटभर पाणी पाजत नाही. मी लेखकाला माफ केलं. धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडलो.

पानं खाटेवर ठेवून बाबू उठला. मी म्हटलं, "चिकटवत नाही?" तो म्हणाला, "राहू द्या वहिनींच्या पेटीत," आणि चपला विसरून उन्हात निघून गेला.

खळ न लावता पुस्तक सोडणारा तो माणूस नाही. म्हणून मी ती पानं काढली आणि बोट ठेवून वाचली. तिसरी शिकलेल्याला वीस पानं पंधरा दिवस पुरली. छापलंय ते असं: मांत्रिक येतो, त्या बाईला लेकरासकट पुन्हा बारवेत कोंडतो, वर शिळा बसवतो, आणि जहागीरदाराचा नातू गावाला जेवण घालतो. झाली गोष्ट. सरळ झालेले पाय नाहीत, तांडा नाही, काही नाही. इतका संताप आला की पुस्तकवाल्याला धरून बारवेत बुडवावं वाटलं. आणि बाबू? एक शब्द न बदलणारा हा माणूस माझ्यासमोर बसून एवढं मनातलं बोलला, आणि लबाड वेळच्या वेळी पानंही उलटत होता!

काल आला होता. चहा पिताना सहज विचारल्यासारखं म्हणाला, "ती पानं आहेत ना?"

"हायेत. उघडली नाही म्या."

"बरं केलं," म्हणाला, आणि त्याने कप खाली ठेवला.

संध्याकाळी दिवा लावताना मी तिच्या फोटोशी बोलतो. सुनेचं, शेताचं, गुडघ्याचं, कोण भांडलं ते, सगळं सांगतो. पानांत काय छापलंय ते मात्र तिला अजून सांगितलं नाही.