दादाचा नकार

माझा मोठा भाऊ कार्डिनल आहे, हे वाक्य मी आता गावात उच्चारत नाही. उच्चारलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि त्याचं काहीतरी काम निघतं. कोणाच्या पोराला जर्मनीचा व्हिसा हवा असतो, कोणाच्या सुनेची बदली मलकापूरला करून हवी असते. एकाने तर फाट्यावर एसटीचा थांबा मागितला. मी म्हटलं, "अहो, एसटी पोपच्या हाताखाली येत नाही." तर म्हणाला, "ते ठाव हाये मले, बाई. पन मोठ्या मानसाचा एक फोन गेला पायजे."

जळगाव जामोदच्या रस्त्यावरचं आमचं गाव. ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. वडील मिशनच्या शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायचे, पुढे त्याच शाळेत मी मास्तरीण झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. दादा दहावीनंतर नागपूरला सेमिनरीत गेला आणि फादर झाला. थोडे दिवस एका खेड्यातलं चर्च सांभाळलं, तेवढ्यात बिशपांना त्याची हुशारी दिसली आणि त्यांनी त्याला रोमला धाडलं. पोपच्या वकिलातींत काम करणारे फादर तिथे तयार करतात. मग कधी आफ्रिका, कधी दक्षिण अमेरिका. आधी कारकुनासारखा सेक्रेटरी, मग राजदूत. पुढे रोमच्या मुख्य कचेरीत कुठल्या देशात कोणाला बिशप नेमायचं त्याच्या फायली. आणि म्हातारपणी कार्डिनलची लाल टोपी. राजदूताला सहसा त्याच्या स्वतःच्या देशात नेमत नाहीत म्हणे, त्यामुळे दादा जगभर राहिला, फक्त आमच्याकडे सोडून.

हे सगळं गावाला समजावून सांगायचं काम माझं. "कार्डिनल म्हंजे कलेक्टरच्या वर का खाली?" मी वर्षभर नीट उत्तर दिलं. शेवटी कंटाळून एकदा "वर" म्हणाले आणि तिथेच फसले. त्यानंतर अर्ज दुप्पट झाले.

पण माझा खरा वैताग गावावर नाही, दादावर. लहानपणी तो इतका फटकळ होता की आई म्हणायची, याच्या जिभेला हाड नाही. बोरांच्या वाटणीवरून आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटल्या आहेत. त्या मुलाला या नोकरीने इस्त्री मारली. धड हो म्हणणं नाही, धड नाही म्हणणंही नाही. काहीही विचारा, दादा गोड आवाजात, शुद्ध मराठीत म्हणणार, "माझ्या लक्षात आहे." बस. एवढ्या शिदोरीवर त्याने म्हणे भांडणारे देश एका टेबलाशी बसवले. असतील बसवले. मला त्या वाक्याने नुसती तिडीक येते.

आई शेवटी शेवटी खाटेवरच होती. रविवारी दादाचा फोन यायचा. "कवा येशीन रे?" ती विचारायची. "आई, माझ्या लक्षात आहे." फोन ठेवून आई मला आनंदाने सांगायची, "येनार हाये तो." मी चिडायचे. "आई, तो येतो म्हणालाच नाही!" ती म्हणायची, "तुले नाई समजत त्याचं." तिला धुवायची, भरवायची, कूस बदलायची मी, आणि समजायचं मात्र तिला. दादा आला तो मातीला. त्याच्यासाठी आईला बर्फाच्या पेटीत ठेवावं लागलं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तर हा दवाखान्याचा विषय निघाला तेव्हा मी आधीच भरलेली होते.

गावात चर्चच्या सिस्टरांचा, म्हणजे धर्मभगिनींचा, दवाखाना आहे. होता म्हणायला अजून जीभ वळत नाही. कौलारू, चार खाटांचा. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिथे जन्मली. ती सगळी हिंदू घरांतली, कारण आमची घरं आहेतच किती. अलीकडे सिस्टर दोनच उरल्या होत्या, त्यातल्या एकीला गुडघ्यांमुळे पायरी चढवत नव्हती. नव्या मुली सिस्टर व्हायला येत नाहीत. बिशपांच्या कचेरीतून निरोप आला, दवाखाना बंद होणार.

सगळ्यात जास्त हादरली ती आमची शेजारीण काकू. तिची सून दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिल्या वेळी पोर आडवं आलं होतं, तेव्हा म्हाताऱ्या सिस्टरनेच दोन्ही जीव वाचवले. आता सुनेचं बीपी वाढलेलं, पायांवर सूज. आरोग्यखात्याची आशाताई घसा फोडून सांगत होती, जळगाव जामोदच्या सरकारी दवाखान्यात नाव घाला. काकूचं एकच, "तठी कोन वळखते आपल्याले? माह्या सुनेले सिस्टरच पायजे." आणि मग माझ्या ओट्यावर येऊन बसायची. "बाई, तुमचा भाऊ हाये ना पोपच्या खालोखाल."

नेमका त्याच सुमारास दादा चार दिवस गावी आला. आल्या आल्या सत्काराची तयारी. फ्लेक्सवर त्याचा लाल टोपीतला फोटो, खाली सरपंच आणि त्यांच्या मित्रमंडळाचे त्याच्यापेक्षा मोठे फोटो. शाल, श्रीफळ, फेटा. लाल टोपीवर फेटा बसतो का, यावर ग्रामपंचायतीत चर्चा झाली. माझ्याकडे माणूस विचारायला आला. मी म्हटलं, "टोपी काढून खिशात ठेवेल तो, तुम्ही बांधा."

सत्काराच्या दिवशी दुपारी मी दादाला वांग्याची भाजी, कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला आणि समोरच बसले. म्हटलं, दवाखान्याचं काय? त्याने भाकरी मोडली. "माझ्या लक्षात आहे."

माझा तोल गेला. मी त्याच्या पुढचं ताट ओढून घेतलं. सत्तरीच्या माणसाच्या पुढचं ताट, तेही कार्डिनलच्या! "लक्षात आहे, लक्षात आहे! आईलाही हेच सांगत होतास. ती पोरगी मरेल इथे वाट पाहत. एकदा, आयुष्यात एकदा, हो म्हण नाहीतर नाही म्हण. आणि त्या गुळगुळीत भाषेत नको, आपल्या भाषेत सांग."

दादाने हातातला तुकडा चावून गिळला. मग म्हणाला, "नाई होत माह्याच्यानं. हा इलाका बिशपचा हाये, माहा नाई. एका तालुक्याचा तहसीलदार दुसऱ्या तालुक्यात सही करते का? मी विचारून पाह्यलं, दोनदा. सिस्टरच नाई राह्यल्या तर कोन चालवन? बंद होनार हाये तो. आता दे माहं ताट."

मी ताट दिलं. त्याच्या तोंडून आमची बोली ऐकून मला रडूच आलं. वाईट बातमी होती, पण निदान बातमी होती. मी म्हटलं, "हेच तिथे सांग. सगळ्यांसमोर. म्हणजे लोक दुसरी सोय पाहतील." तो म्हणाला, "सांगतो."

आणि त्याने सांगितलं. शाळेच्या पटांगणात मंडप, पुढे बाया, मागे मोटारसायकलींवर पोरं. सरपंचांनी भाषणात साकडं घातलं. दादा फेटा सावरत उठला आणि माइकवर स्पष्ट म्हणाला, "दवाखाना बंद होनार हाये. तो चालू ठेवनं माह्या हातात नाई. मी तुमाले खोटं सांगनार नाई. गरोदर बाया असतीन त्याईनं आतापासूनच सरकारी दवाखान्यात नाव घाला. मले माफ करा."

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला वाटलं मंडप पडतो. मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली. सरपंचांनी माइक ओढून घेतला. "साहेबांनी आपल्याला समजून घेतलं, यातच सगळं आलं!"

मी काकूला गाठलं. "ऐकलंस ना? नाही म्हणाला तो."

काकूचा चेहरा उजळला होता. "ऐकलं ना! काम झालं म्हना."

"अगं, नाही म्हणाला!"

"बाई, तुमाले राजकारन नाई समजत," ती माझ्या दंडावर थोपटत म्हणाली. "स्टेजवर हो म्हनते त्याचं काम कवाच होत नाई. नदीवरच्या पुलाले किती जन हो म्हनले, सांगा? झाला का पूल? खरं काम करनारा मानूस लोकायसमोर नाईच म्हनते. वरतून नाई, आतून हो."

पुलाबद्दल तिचं काहीच चुकत नव्हतं, म्हणून तर मला अधिकच संताप आला. आमच्याकडे होकाराची किंमत पुढाऱ्यांनी इतकी उतरवून ठेवली होती की माझ्या भावाचा एकुलता एक नकार लोकांनी सोन्याच्या भावात घेतला. मी घरोघर फिरून खुलासा करत बसले. जितका खुलासा करावा तितका लोकांचा विश्वास वाढे. किराणा दुकानदार डोळा मिचकावून म्हणाला, "बाईलेबी सांगून ठेवलं दिसते, बोलू नका म्हनून."

दादा रोमला गेला. सिस्टरही सामान बांधून गेल्या. दाराला कुलूप लागलं. काकू रोज सकाळी दवाखान्याच्या पायऱ्या झाडायला जाऊ लागली, उघडला की घाण नको म्हणून. तिकडे सुनेचे दिवस भरत आले आणि पायांची सूज मांड्यांपर्यंत चढली. आशाताई माझ्याकडे येऊन रडली. सून बिचारी सासूच्या शब्दाबाहेर नव्हती, आणि तिचा नवरा तर आईसमोर चकार शब्द काढत नसे. मी काकूच्या दारात उभी राहून ओरडले, हात जोडले, शिव्यासुद्धा दिल्या. ती म्हणाली, "बाई, तुमच्या भावानं शब्द देल्ला हाये. मी मधातच सुनेले दुसरीकडे नेलं तर त्याचा अपमान नाई होत का?"

मी घरी येऊन दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, "हे तुझ्या नकाराचं फळ. आता पुन्हा सांग तिला, ठणकावून."

दादा म्हणाला, "तिच्याकडे फोन घेऊन जा. स्पीकर लाव."

मी तशीच गेले. काकूने पदर डोक्यावर घेतला आणि फोनला नमस्कार केला. मी वाट पाहत होते, आता हा हिला झापणार. आणि पलीकडून आला तो जुना, गोड, इस्त्रीचा आवाज.

"मावशी, दवाखान्याचं माझ्या लक्षात आहे."

काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"पण अशा गोष्टींना वेळ लागतो. तोवर सुनेला आजच जळगाव जामोदला न्यावं, ही माझी तुम्हाला विनंती आहे. तुम्ही नेलंत तर मला बरं वाटेल."

"तुमी म्हनता तर नेतो ना, भाऊ. आत्ता नेतो." आणि खरंच, फोन माझ्या हातात परत यायच्या आत ती लेकाला हाका मारायला लागली. गाडी ठरली, गोधड्या बांधल्या. आम्ही सगळे मिळून इतके दिवस जे करू शकलो नाही, ते त्या माणसाने समुद्रापलीकडून दोन वाक्यांत केलं. मी रस्त्यात उभी राहून त्याचं ते वाक्य उलटसुलट तपासलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मला अजूनच चीड आली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी सिझर केलं. मुलगी झाली. उशीर केला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या, असं त्या काकूला म्हणाल्या. काकू बर्फीचा पुडा घेऊन माझ्याकडे आली. "भाऊले सांगा, त्याच्या शब्दावर गेलो म्हनून वाचल्या."

मी दादाला फोन केला.

"पोर कशी हाये?" त्याने विचारलं, आमच्या बोलीत.

"चांगली आहे. दादा, तू काकूला फसवलंस."

"हाव," तो म्हणाला. असा सरळ होकारही मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

मला थांबता आलं असतं. पण इतकी वर्षं गिळलेलं होतं ते बाहेर आलं. "आईलाही असंच ना?"

मग त्याचा आवाज आला, म्हाताऱ्या माणसाचा. "नाई व बाई. आईच्या वेळी मले खरंच वाटे, जमन म्हनून. दर रविवारी वाटे."

मी फोन ठेवला नाही. त्यानेही ठेवला नाही.

काकू अजून पायऱ्या झाडायला जाते. नातीला फडक्याच्या झोळीत पाठीशी बांधते आणि झाडते. परवा तिने मला वाटेत थांबवून विचारलं, "बाई, भाऊच्या ध्यानात हाये ना दवाखान्याचं?"

मी म्हटलं, "हाव, काकू. आहे त्याच्या ध्यानात."