भावजींचा स्वस्त देश

माझे धाकटे दीर जन्मभर थंडीत राहिले. हवेतली थंडी सगळ्यांनाच असते, तिचं काही नाही. ते कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होते. बाहेर कितीही ऊन असो, भावजींच्या डोक्याला कानटोपी आणि अंगात गुडघ्यापर्यंतचा जाड कोट. मांस-मासळीच्या पेट्या आत न्यायच्या, जुन्या बाहेर काढायच्या, हाच धंदा. कामावरचे लोक त्यांना बर्फ्या म्हणत. चहाचा कप घेताना त्यांचं बोट माझ्या बोटाला लागलं, की मासळीच लागल्यासारखं वाटायचं. माझी जाऊ म्हणायची, "ताई, मी माणसाशी लग्न केलंय की फ्रीजशी, मला अजून कळलेलं नाही."

काम सुटलं तोवर बोटं वाकडी झाली होती आणि गुडघे धरले होते. डॉक्टर म्हणाले, ऊब घेत जा. आता याचा अर्थ उन्हात बसा, पाय शेका, एवढाच. पण भावजींनी देश घ्यायचं काढलं.

त्याला कारण मोबाइल. त्यात एक अर्ध्या चड्डीतला माणूस दिवसभर समुद्रावर उभा असायचा. तोंडात घास, आणि तसाच बोलायचा, 'निम्म्या खर्चात राजासारखं म्हातारपण काढा.' बोलताना त्याच्या दाढीत काहीतरी चिकटलेलं असायचं. मला पाहवत नसे. भावजी मात्र देव्हाऱ्यापुढे बसावं तसे बसायचे आणि भाजीच्या गाड्यावर उभं राहून निवडावं तसे देश निवडायचे.

"हे बघा वहिनी, इथं औषधपाणी स्वस्त. इथं घरभाडं स्वस्त, पण डास फार. आणि इथं तर बाई स्वस्त."

"कसली बाई?" मी विचारलं.

"कामाची हो. दिवसभराची. आपल्याकडे दोन कप चहाला जेवढे पडतात, तेवढ्यात."

जाऊ तिथंच कपड्यांच्या घड्या घालत होती. हिनं सबंध तरुणपण लोकांच्या घरची धुणीभांडी केलेली. त्या पैशावर तर ही दोन खोल्यांची जागा उभी राहिली. ती मान खाली घालून म्हणाली, "मी किती कपांची होते हो?"

"तुझं काय मध्येच," भावजी म्हणाले, आणि पुढचा देश लावला.

मला त्या 'स्वस्त' शब्दाची तेव्हापासून शिसारी बसली. वांगी स्वस्त असतात. माणसं कशी स्वस्त असतील?

मग घरी दलाल यायला लागला. बूट चकचकीत, अंगाला अत्तराचा भपकारा, आणि कागद उलटताना अंगठा चाटायचा. तोच ओला अंगठा सगळ्या कागदांना. मला आई म्हणायचा. मी याला कधी जन्म दिला, काही केल्या आठवेना. त्याचं म्हणणं साधं होतं. ही जागा विकायची, त्या पैशात तिकडे समुद्राजवळ घर घ्यायचं आणि पेन्शनवर आरामात राहायचं. गिऱ्हाईकही त्यानंच आणलेलं. अडत होतं ते जाऊच्या सहीवर, कारण जागा दोघांच्या नावावर होती. सही केली, की मागं फिरायला उंबरठाच राहणार नव्हता.

जाऊ नाहीही म्हणेना आणि होही म्हणेना. रात्री माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, त्यांची बोटं बघवत नाहीत हो. सकाळी शर्टाची गुंडी मी लावून देते. पण हे घर गेलं तर मी कोण?"

शेवटी दलालानं पाहणीचा दौरा काढला. जाऊ म्हणाली, ताई येतील तर मी येईन. म्हणून माझंही शेपूट लागलं.

विमानातून उतरल्यावर गरम हवा अशी अंगावर आली, जणू कुणी भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. मी आणि जाऊ घामानं निथळलो. भावजी मात्र विमानतळाच्या दारातच थांबले. हात पुढे करून मूठ उघडत होते, मिटत होते. "वळतात गं," ते जाऊला म्हणाले, "बोटं वळतात." मी त्यांना एवढं सुखी कधी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटलं, करून टाकावी हिनं सही.

मग दलालानं घर दाखवलं. आत शिरताच भावजींनी खांदे आवळले. एसी असा सोडलेला, की पुन्हा कोल्ड स्टोरेजच. "इथं असाच राहतो सगळा वेळ," दलाल कौतुकानं म्हणाला. म्हणजे उबेसाठी समुद्र ओलांडायचा आणि आत स्वेटर घालून बसायचं.

शेजारचे एक आजोबा डोकावले, आपल्याच बाजूचे, तिथं येऊन राहिलेले. त्यांना आपलं बोलणं ऐकून भरून आलं असेल असं मला वाटलं, पण ते बोलले भलतंच. "कामवालीचं मात्र सांभाळून हं. माझी पहिली चोरटी निघाली, दुसरी आळशी. ही तिसरी आहे. बदलून देतात."

बदलून देतात. जोड्याची पट्टी तुटल्यावर दुकानदार देतो तशी. जाऊनं पदर नाकाला लावला, जसं काही कुठं उंदीर मेलाय.

स्वयंपाकघरामागे एक अरुंद दार होतं, अर्धवट उघडं. "ही सामानाची खोली," दलाल म्हणाला, "बाईसुद्धा हिच्यातच मावते." आणि पुढच्या गॅलरीकडे निघाला. भावजी मागं राहिले. उघडं दार त्यांना बघवत नाही, बंद केल्याशिवाय पाय निघत नाही. आता कोल्ड स्टोरेजची एक रीत असते. मोठं दार लावण्याआधी आत तोंड घालून हाक मारायची, थांबायचं, मगच लावायचं. एकदा त्यांचा एक जोडीदार आत राहून गेला होता. वाचला, पण कानांच्या पाळ्या गेल्या. तेव्हापासून भावजी घरच्या कपाटाला हात लावला तरी हाक मारतात, आणि आम्ही हसतो.

"आत कोण?" त्यांनी हाक दिली.

आम्ही हसणारच होतो, तेवढ्यात आतून खोकला आला. आणि एक म्हातारी बाहेर आली. माझ्याच वयाची, थोडी मोठीच. हातात उष्टी ताटली, तोंडात घास. तो तिनं घाईघाईनं गिळला आणि वाकून वाकून काहीतरी म्हणत राहिली. भाषा कळली नाही, पण माफी मागणाऱ्याचं तोंड सगळीकडे सारखंच दिसतं. दलाल धावत आला, तिच्यावर खेकसला, आणि आमच्याकडे वळून गोड हसला. "घाबरू नका आई, तुम्हाला तरुण मिळेल."

भावजींचा हात दारावरच होता. त्यांनी दार आतून चाचपलं, मग बाहेरून. कडी बाहेरून होती. आत काहीच नव्हतं. खिडकी नव्हती.

"हे आतून उघडत कसं नाही?" त्यांनी विचारलं. रागानं नव्हे, खरंच कळेना म्हणून. "आमच्याकडे मासळीच्या खोलीलासुद्धा आतून दांडा असतो."

"लावून देऊ ना," दलाल म्हणाला. "किरकोळ खर्च आहे. घराच्या किमतीत धरून टाकतो." आणि अंगठा चाटून त्यानं कागद काढले.

जाऊ त्या खोलीत जाऊन जमिनीवर बसली होती. तिथूनच म्हणाली, "अहो, तुम्हाला इथं बरं वाटत असेल तर राहा. मी रागावणार नाही. पण सही मी करणार नाही. मी अशा घरात भांडी घासली आहेत, मालकीण होऊन बसायला मला जमायचं नाही."

"कडी लावून देतो म्हणालाय तो," भावजी हळूच म्हणाले.

"ऐकलं मी," जाऊ म्हणाली, आणि उठून त्या म्हातारीच्या हातातली ताटली घेऊन विसळायला लागली. म्हातारी भेदरून ती ओढत होती, ही सोडत नव्हती.

उरलेले दिवस भावजी आम्ही उतरलो होतो तिथल्या पायरीवर उन्हात बसून राहायचे, मूठ उघडत, मिटत. निघायच्या दिवशी आमच्याआधी बॅग घेऊन उभे होते.

घर राहिलं. दलाल अजून फोन करतो. परवाच म्हणाला, "आई, नवीन देश निघालाय, याच्याहून स्वस्त." मी फोन ठेवला आणि हात साबणानं धुतले.

भावजी आता आमच्या गच्चीवर उन्हासोबत सतरंजी सरकवत बसतात, आणि सकाळची गुंडी जाऊच लावते. त्या खोलीची किळस आली म्हणून ते परतले की सही मिळाली नाही म्हणून, हे मी त्यांना विचारलेलं नाही. जाऊनंही नाही. विचारलं आणि सहीचंच उत्तर आलं, तर त्यांच्याशी बोलणं टाकावं लागेल, आणि जाऊला तर रोज त्यांच्या गळ्यापाशी हात न्यायचा असतो.