रंगनाथची तारीख

अमेरिकेहून आलेल्या माणसाला पुण्यात दोनच प्रश्न विचारतात: कधी आलात, आणि कधी निघणार. दीपमाला परत आली तेव्हा बिबवेवाडीच्या सोसायटीने पहिला प्रश्न विचारला आणि दुसरा गिळला, कारण बाई नवरा गमावून आली होती. वरच्या मजल्यावरच्या आप्पासाहेबांना मात्र गिळणं कधीच जमलेलं नाही. ते जिन्यातच म्हणाले, "म्हणजे आता तिकडचं काही उरलं नाही ना?" अगदी आपुलकीने म्हणाले. दीपमाला "नाही" म्हणाली आणि कुलूप उघडून आत गेली.

ते खरं नव्हतं. तिकडे रंगनाथची तारीख उरली होती.

हे तारखेचं प्रकरण आधी सांगायला हवं. रंगनाथ पुण्याजवळच्या मांजरी गावचा, उसाच्या रानातून शिकून इंजिनियर झालेला. दोन हजार सात साली कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी न्यू जर्सीला धाडलं, आणि सगळ्यांचं होतं तसं त्याचंही दोनाचं चार, चाराचं सहा झालं. तिथे कायमचं राहायचं तर कंपनीने अर्ज करायचा असतो. तो ज्या दिवशी दाखल होतो तो दिवस म्हणजे त्या माणसाची तारीख. रंगनाथची होती एकोणीस सप्टेंबर दोन हजार बारा. मग दर महिन्याला तिथलं सरकार एक तक्ता लावतं: भारतात जन्मलेल्यांपैकी अमुक तारखेच्या आधीच्यांनी पुढे या, बाकीच्यांनी उभं राहा. तक्त्यातली तारीख कधी चार दिवस सरकते, कधी वर्षभर हलत नाही आणि कधी सरळ मागे जाते. का, ते विचारायचं नाही. हाच माणूस दुसऱ्या एखाद्या देशात जन्मला असता तर बरंच लवकर सुटला असता. रंगनाथ म्हणायचा, "आईला बाळंतपणासाठी मांजरीच सापडली."

"तारीख लागली की" या तीन शब्दांवर तो संसार चालला. तारीख लागली की नोकरी बदलू, कारण तोवर बदलली तर अर्ज नव्याने करावा लागायचा. हा कुठे जात नाही हे साहेबाला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून तो दोघांचं काम एकट्या रंगनाथकडून करून घ्यायचा. तारीख लागली की घर घेऊ. दीपमाला पुण्यात चांगली कमावती होती, ती तिथे नवऱ्याच्या व्हिसावर आठ वर्षं घरी बसली, आणि कामाचा परवाना मिळाला तेव्हा तिला कोणी विचारेना. रंगनाथचे वडील गेले तेव्हा तो आला नाही. देशाबाहेर पडलात तर परतीचा शिक्का मिळेलच असं नाही, थोडं थांबा, असं वकील म्हणाला. थोरल्या भावाने, बापूरावांनी, अग्नी दिला तो याने फोनवर पाहिला, आणि त्यानंतर तासाभराने मीटिंगला बसला. आणि तारीख लागली की मूल. याचा राग दीपमालाला अजून येतो, आणि तो सरकारचा येत नाही, स्वतःचा येतो.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमध्ये ऑफिसच्या पार्किंगमध्ये रंगनाथ गाडीला टेकून खाली बसला, तो उठलाच नाही. वय चव्वेचाळीस. वकिलाने ईमेलमध्ये दुःख व्यक्त केलं आणि त्याच ईमेलमध्ये पुढे कळवलं की अर्जदार गेला की अर्ज संपतो आणि पत्नीचा व्हिसाही संपतो. दहन तिथेच झालं. दीपमालाने अस्थी पुण्यात आणून बापूरावांच्या हाती दिल्या आणि विसर्जनाला आळंदीला गेली नाही. तिचा ताप हे कारण होतं, आणि ताप खराच होता.

मग सदाशिव पेठेतल्या एका क्लासच्या ऑफिसात तिला काम मिळालं. सकाळी स्कूटर, संध्याकाळी स्कूटर, स्वयंपाकाला सुशीलाबाई. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाई सावरली. पण तक्ता लागायचा दिवस आला की ती क्लासमधून लवकर निघायची, लॅपटॉप उघडायची आणि तो जरा डावीकडे वळवून ठेवायची. रंगनाथ नेहमी बडीशेप चघळत तिच्या डाव्या खांद्यावरून वाचायचा, त्याला दिसावं म्हणून. त्याचं नाव कधीच काढून टाकलेलं असणार, हे तिला कळत होतं. तिची अक्कल शाबूत होती. पण आपण बघायचं सोडलं तर तो तिथे एकटाच उभा राहील, असं तिला वाटायचं. पान उघडलं की मागे बडीशेपेचा वास यायचा आणि श्वास ऐकू यायचा. तारीख हलली नसेल तर तो श्वास रात्रभर घरात राहायचा. ती घाबरायची नाही. उलट तो असला की तिला झोप लागायची.

बावीसच्या जानेवारीत तक्ता बराच पुढे सरकला. तिने योगेशला फोन लावला. योगेश म्हणजे रंगनाथचा तिथला सहकारी, त्याची स्वतःची तारीख पंधरा सालातली.

"रंगनाथची तारीख आली रे," ती म्हणाली.

"वहिनी, प्लीज, ते बघणं आता बंद करा," योगेश एवढंच म्हणाला.

पोळ्या लाटणाऱ्या सुशीलाबाईंनी यातलं कामापुरतं ऐकलं. दुसऱ्या दिवशी दीपमाला जेवायला बसली तर ताटात वडे आणि खीर.

"हे काय?"

"काल फोनवर म्हणत होता ना ताई, साहेबांची तारीख आली म्हणून. मला आधी सांगायचं. गेल्या माणसाचा दिवस असा कोरडा जाऊ देऊ नये."

दीपमालाने त्यांना समजावलं नाही. ती जेवली, दोनदा खीर घेतली, आणि त्या दिवसापासून घर खरंच रिकामं झालं. मागे कोणी येईना. त्याचं नाव पुकारलं गेलं, तो आत गेला, असं तिने मनाशी ठरवलं आणि तक्ता बघायचा सोडून दिला. उन्हाळ्यात माहेरच्यांबरोबर कोकणात गेली. तिथे एकदा मोठ्याने हसली, आणि भाचीने तिच्याकडे वळून पाहिलं.

सप्टेंबरात योगेशचा फोन आला. आवाज बसलेला.

"मागे नेली, वहिनी. गेल्या महिन्यात चौदाच्या डिसेंबरवर होती, मी अगदी दारात होतो. आता एकदम बाराच्या एप्रिलवर. मुलगी विचारते, बाबा, आपण इथलेच ना? काय सांगू तिला?"

दीपमालाने त्याला धीर दिला की नाही, ते तिला नंतर आठवेना. बाराचा एप्रिल. रंगनाथचा बाराचाच सप्टेंबर. म्हणजे त्यालाही बाहेर काढलं. फोन ठेवून ती वळणार होती, पण वळली नाही, कारण डाव्या खांद्यापाशी बडीशेपेचा वास आला होता. या वेळी तिला भीती वाटली. मागचा श्वास दमलेला होता. तिने सगळे दिवे लावले आणि खुर्चीतच बसून राहिली.

सकाळी सुशीलाबाई आल्या तर रात्रीचा स्वयंपाक तसाच झाकलेला.

"बरं वाटत नाही का ताई?"

"त्यांची तारीख मागे गेली, सुशीलाबाई."

सुशीलाबाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली. त्यांना रागच आला. "काय तरी बोलता. गेल्या माणसाची तारीख हाय ती, मागं कशी जाईल? पितरांचा पंधरवडा चालू हाय. तिथी सांगा, त्या दिवशी करू परत."

अर्ज दाखल झाल्याचा दिवस दीपमालाला झोपेत विचारला असता तरी तिने सांगितला असता. रंगनाथ गेला ती तिथी तिने कधी कॅलेंडरात काढूनच पाहिली नव्हती.

तिने मांजरीला बापूरावांना फोन लावला. थोरले दीर, वर्षातून दोन-तीनदा बोलणं व्हायचं, तेही शेताचं आणि पावसाचं.

"दादा, त्यांची तिथी कोणती हो?"

पलीकडे मोटर चालू होती. बापूरावांनी ती बंद करायला लावली. "सप्तमी. परवाच झाली. पान वाढलं होतं."

"मला बोलावलं नाहीत?"

"पहिल्या साली बोलावलं होतं की. तुम्ही म्हणाला, त्याचं अजून तिकडं चालू हाय. मग पुन्हा विचारायचं जिवावर आलं."

तिला ते बोलल्याचं आठवत नव्हतं. तिने विचारलं ते अगदी हळू, सुशीलाबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. "कावळा शिवतो का, दादा? की थांबावं लागतं?"

"थांबावं कशाला लागतंय? पहिल्या साली पान ठेवून हात काढायच्या आत शिवला. दर साली तसंच. तो कुठं अडकलेला न्हाय, दीपमाला. तो तवाच गेला."

ती बरं म्हणाली. फोन ठेवून तिने पहिल्यांदा मान वळवून डाव्या खांद्यामागे पाहिलं. तिथे भिंत होती. एवढी वर्षं त्या रांगेत ती एकटीच उभी होती.